रेवजीच्या भट्टीची वाळू

खांडबाऱ्याच्या स्टेशनगल्लीत रेवजीला पहिल्यांदा भिवया फुटल्या, तेव्हा तो पन्नाशीला टेकला होता. ही बातमी लोटन न्हाव्याच्या खुर्चीतून सुटली आणि संध्याकाळपर्यंत गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचली. चोवीस वर्षं हा माणूस फुटाण्याच्या भट्टीसमोर बसलेला. भट्टीच्या तोंडाशी वाकून जाळ सारायचा, आणि जाळाची जीभ बाहेर आली की पहिला घास भिवयांचा घ्यायची. त्यामुळे कपाळाखाली नुसती तांबूस, गुळगुळीत पट्टी. अंगावर कितीही नवा सदरा चढवला तरी तोंड धुऊन पुसायला विसरल्यासारखं दिसायचं. भट्टी बंद झाली आणि तीन-चार महिन्यांत त्या पट्टीवर काळी लव आली. लोटन म्हणाला, आता यांनाही आकार द्यावा लागेल, त्याचे पैसे वेगळे. रेवजीची बायको आशा तर शेजारणींना सांगत सुटली की घरात परका माणूस वावरतोय असं वाटतं, रात्री दार उघडताना आधी नाव विचारते.

रेवजी यावर हसायचा. हसायला त्याच्याकडे कारण होतं. गुळगुळीत कागदाच्या एका पुस्तकाच्या पहिल्या पानावर त्याचा फोटो होता, निळा गणवेश, छातीवर बिल्ला, नव्या भिवया. आत एक आलेख. त्यात दोन रेघा, एकाच ठिकाणाहून निघालेल्या आणि पुढे कात्री उघडावी तशा फाकलेल्या. वर जाणारी रेघ म्हणजे गावाची कमाई आणि खाली येणारी म्हणजे गावाचा धूर. एक वाढली की दुसरीही वाढणार असं आजवर सगळे धरून चाललेले, पण खांडबाऱ्याने या दोघींची फारकत करून दाखवली, असं त्या पुस्तकात लिहिलं होतं. रेवजीला वाचता येत नव्हतं. पण त्या दोन रेघा बोटाने दाखवून तो कुणालाही समजावून सांगायचा, आणि खालच्या रेघेवर बोट ठेवून म्हणायचा, ही मी आहे.

हा गडी मूळचा मोलगीच्या पलीकडच्या डोंगरातला. ऊसतोडीला उतरला होता, टोळी पुढे गेली आणि हा तापाने खांडबाऱ्याच्या स्टेशनवर पडून राहिला. केवलचंद शेठने त्याला फुटाण्याच्या कारखान्यात आणला. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड, चार तोंडांची भट्टी आणि बैलाला आंघोळ घालता येईल एवढी लोखंडी कढई. शेठचे वडील राजस्थानातून आले तेव्हा डोक्यावर खारे दाणे विकत होते, तिथपासूनचा हा धंदा. नवापूरपासून शहाद्यापर्यंत कुठल्याही बाजारात केवलचंदचे फुटाणे मागून घेतले जायचे.

आता फुटाणा चांगला होतो कशाने? लोक म्हणतात हरभऱ्याने. शेठ म्हणायचे, नशिबाने. खरं म्हणजे वाळूने. कढईत आधी वाळू तापते, हरभरा त्या वाळूत पडतो. नदीतून आणलेली कोरी वाळू कामाची नसते, ती दाण्याला चिकटते आणि हरभरा एका गालावर जळून दुसऱ्या गालावर कच्चा राहतो. वाळू मुरवावी लागते. रोज तापवायची, रोज चाळायची, अधूनमधून तेलाचा हात द्यायचा. तीन-चार वर्षांनी तिचे कोपरे झिजतात, ती काळी होते, मोहरीसारखी गोल आणि चकचकीत. रेवजीने नेसू नदीतून पहिल्या वर्षी आणलेली वाळू चोवीस वर्षं जपली होती. तिच्यात कुणी फावडं घातलं तर तो अंगावर जायचा. आशा म्हणायची, माझ्या लुगड्याला कधी एवढ्या मायेने हात लावला नाही.

तर अशा माणसाने भट्टी विझवायला होकार दिलाच कसा, हे गल्लीला पडलेलं कोडं होतं. पण त्यात कोडं नव्हतं. त्याच्यावर विश्वास टाकला गेला होता, आणि तसा कुणी टाकला की रेवजी पाघळायचा.

शेठचा मुलगा मयंक पुण्याहून शिकून आलेला. शहरातल्या एका संस्थेला त्याने गावात आणलं. संस्थेला असं एक गाव हवं होतं जिथे धंदा वाढेल आणि धूर घटेल; दोन्हींची मोजणी करून ती पुस्तक छापणार होती. त्याच चातुर्मासात गावातल्या जैन स्थानकात एक साधू, महाराजसाहेब, मुक्कामाला होते. त्यांनी अग्नीच्या धंद्यात किती जीव जळतात ते सांगितलं आणि केवलचंद शेठ भर सभेत उठून उभे राहिले, हात जोडले, आणि भट्टीच्या धंद्याचा त्याग केला. त्यांची बायको लाडकंवर रडली. रेवजी दाराबाहेर चपलांजवळ उभा होता, तोही रडला. दुसऱ्या दिवशी शेठने त्याला समोर बसवून सांगितलं की आता नंदुरबारजवळ विजेचं मशीन बसणार, फुटाणे गरम हवेवर भाजले जाणार, वाळू नाही, लाकूड नाही, धूर नाही. दुसरं मशीन आलं की ते खांडबाऱ्यात बसेल आणि ते चालवायला रेवजीच.

पण एकट्या शेठची भट्टी बंद करून रेघ खाली येत नव्हती. गावात आणखी पाच लहान भट्ट्या होत्या. एकेक कढई, एकेक घर. त्यांच्याकडे मयंक दोनदा जाऊन आला, पाणी पिऊन परतला. मग शेठ म्हणाले, रेवजी, तू जा. तुझं ऐकतील.

ऐकणारच. त्यातल्या तीन भट्ट्या रेवजीने स्वतःच्या हाताने बांधल्या होत्या. फुलवंताबाईची तर नवऱ्याचं तेरावं झाल्यावर, तिसऱ्या दिवशी. तिचा नवरा स्टेशनवर फुटाणे विकायचा, तो गेला आणि घरात फक्त कढई उरली. रेवजीने विटा रचल्या, तोंड काढलं, आपल्या वाळूतली दोन घमेली मुरलेली वाळू तिला दिली. शेठला न विचारता दिली, आयुष्यात त्याने केलेली एवढीच चोरी. त्या भट्टीवर फुलवंताबाईने दोन पोरी उजवल्या.

ती काही सहज मानणारी बाई नव्हती. रेवजी तिच्या ओट्यावर सलग चार दिवस बसला. मशीन येणार, त्यात तिचा हरभरा आठवड्यातून दोन दिवस भाजून मिळणार, डोळ्यांचं पाणी थांबणार, खोकला थांबणार. पाचव्या दिवशी ती आत गेली, मूठभर हरभरा आणून त्याच्या पुढ्यात धरला.

"मशीन येई ना, रेवजी भाऊ? मंग आण ले."

डोंगरातला माणूस दाणे हातात घेऊन याहामोगी मायची, म्हणजे धान्यदेवीची, आण घेतो तेव्हा तो शब्द मागे घेता येत नाही. दाणाच तिचा आहे, ती कणगीत बसून सगळं ऐकते. रेवजीने हरभरा मुठीत घेतला, आण घेतली, आणि दाणे तिला परत दिले. फुलवंताबाईने ते एका डब्यात घालून फळीवर ठेवले. मग म्हणाली, पाड. रेवजीने तिच्याच पहारीने तिची भट्टी पाडली. बाकीच्या चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि आपापल्या पहारी काढल्या.

दिवाळीनंतर समारंभ झाला. मांडव, पाहुणे, हार. शेवटच्या जाळावर रेवजीने पाण्याची घागर ओतली, वाफेचा असा लोट उठला की पुढच्या रांगेतले साहेब खुर्च्यांसकट मागे सरकले. मग भट्टीची वाळू नदीला परत करायची होती. ही कल्पना मयंकची. सहा पोती शिवून तयार ठेवली होती, ती सगळ्यांनी मिळून नेसूच्या पात्रात रिकामी केली. रेवजीला वाटलं, वाळू जरा पिवळी दिसतेय. पण डोळ्यांत पाणी होतं, आणि फोटोवाला सारखा सांगत होता, काका, हसा.

तिथून पुढची पावणेदोन वर्षं रेवजी शेठच्या गोदामाचा राखणदार. निळा गणवेश त्याचाच. सकाळी टेम्पो यायचा, भाजलेल्या फुटाण्यांची पोती उतरायची, आठ-दहा बाया बसून पुड्या भरायच्या, वर हिरव्या पानाचं लेबल चिकटवायच्या, "धूरमुक्त". त्या बायांत फुलवंताबाईही होती. दुसरं मशीन येईपर्यंत तात्पुरती. टेम्पोची पाटी गुजरातची होती, पण आमच्या तालुक्यात निम्म्या गाड्यांवर गुजरातची पाटी असते, तिकडे कोण बघतो.

फुलवंताबाई रोज सकाळी गोदामात शिरताना दारावरच्या रेवजीला विचारायची, "कव्हय येई रे?" तो म्हणायचा, येईल, काम चालू आहे. सुरुवातीला ती हे हसत विचारायची. मग नुसतं विचारायची. एका पावसाळ्यानंतर विचारणं थांबलं, फक्त आत जाताना ती त्याच्या भिवयांकडे एकदा बघायची. बाकीच्या चार भट्टीवाल्यांपैकी दोघं घर बंद करून सुरतेला गेले होते. रेवजीने शेठकडे तीनदा आठवण काढली. शेठ म्हणायचे, वरून मंजुरी यायची आहे. गल्लीतले टवाळ त्याला "मशीनसाहेब" म्हणू लागले होते. तो त्यावरही हसायचा. पुस्तक पिशवीत असायचं.

श्रावणात एका दुपारी तो गोदामाच्या दाराशी बसून फुटाणे खात होता. एक पुडी फुटली होती, ती बायांनी त्याला दिली. चार-पाच दाणे तोंडात टाकले आणि दाताखाली कच्चकन खडा आला.

दुसरा कुणी असता तर थुंकून शिवी देऊन मोकळा झाला असता. रेवजीने तो खडा जिभेवर घेतला, मग तळहातावर, गणवेशाच्या बाहीला पुसला. काळा, गोल, मोहरीएवढा, चकचकीत. गरम हवेच्या मशीनमध्ये वाळू नसते, हे त्याला स्वतः शेठने सांगितलं होतं. आणि ही नुसती वाळू नव्हती. आपल्या घरचं माणूस पाठमोरं चाललं असलं तरी कळतं, तसं त्याला कळलं.

त्या संध्याकाळी तो जेवला नाही. आशाने विचारलं तर दाढ दुखते म्हणाला. खडा त्याने काडेपेटीत ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी रिकामा टेम्पो परत निघाला तेव्हा रेवजी मागे पोत्यांवर चढून बसला. टेम्पोवाल्या भटूला वाटलं, मालकांनीच पाठवलंय, त्याने काही विचारलं नाही. हमरस्त्याला लागल्यावर नंदुरबारकडे वळायचं सोडून टेम्पो उलट्या बाजूला वळला. रेवजी पोत्यांचा भुसा झटकत बसून राहिला. पोती झटकली की काळी भुकटी उडत होती, लाकडाची राख नव्हती ती, दगडी कोळसा होता. पाऊण तासाने हद्दीची कमान गेली, पाट्यांवरची अक्षरं गुजराती झाली. अक्षर कुठलंही असो, त्याला सारखंच. धूर मात्र वाचता येत होता. लांबूनच दिसला, काळा आणि जाड.

ते किंजलच्या सासरचं गाव. किंजल म्हणजे शेठची लेक. तिच्या सासऱ्यांच्या शेतात नवी शेड, चार नाही, सहा तोंडांची भट्टी, आणि तीवर कढई. कढईच्या डाव्या कानाखाली तीन रिबिटांचं ठिगळ. ते रेवजीने सात वर्षांपूर्वी स्वतः ठोकलं होतं. समारंभाच्या दिवशी कढई भंगारात गेली असं त्याला सांगितलं होतं.

भट्टीसमोर एक जवान माणूस बसला होता, गोकुळ नावाचा, बोलण्यावरून मोलगीकडचाच. त्याला भिवया नव्हत्या. रेवजीने राम राम केला, बसला, तंबाखू दिली. मग कढईकडे हात करून विचारलं की वाळू कुठली.

"लई जुनी आहे, मामा. खांडबाऱ्याला एक म्हातारा होता, त्याने मुरवलेली. अशी वाळू आता मिळत नाही."

"आणि तो म्हातारा?"

"मेला म्हणे. दोन वर्षं झाली असतील."

रेवजीने मान हलवली. वाईट झालं, म्हणाला. गोकुळ म्हणाला, हो ना, हात धरून शिकवायला कोणी पाहिजे होतं, कोळशावर जाळ धरत नाही, दाणा करपतो. तेव्हा रेवजी उठला, दोन तोंडं मातीने अर्धी लिंपायला लावली, वाळू किती तापली ते मूठभर दाणे टाकून कानाने कसं ओळखायचं ते दाखवलं. एक घाणा काढून दिला. हे त्याने का केलं, ते त्याला नंतर आशालाही सांगता आलं नाही. कढई समोर होती, हात गेले.

परत आल्यावर तो मयंककडे गेला. मयंक चिडला नाही, उलट खुर्ची दिली. "रेवजीकाका, यात खोटं काही नाही. मोजणी आपल्या हद्दीची होती. आपल्या हद्दीत धूर आहे का? नाही. गावाची कमाई वाढली का? वाढली. मग रेघ खोटी कशी?"

रेवजीने विचारलं, तो तिकडचा धूर कुणाच्या रेघेत?

"त्यांच्याकडे मोजणी होईल तेव्हा त्यांच्या."

"मशीन?"

एक होतं, मयंक म्हणाला. नंदुरबारला आहे, पाहुणे आले की चालवतो. त्यावर दाणा नीट फुलत नाही, गिऱ्हाईक परत करतं. काय करणार, बाजाराला तीच जुनी चव लागते. आणि मग त्याने, मनापासून बरं का, रेवजीच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं की तुमचा फोटो आता दिल्लीच्या पुस्तकातही येणार आहे.

व्रताचं काय, हे रेवजीने विचारलं नाही. ते, भटूकडून हद्दीपलीकडची बातमी फुटल्यावर, गल्लीने आपापसात शोधून काढलं. त्या दिवशी सभेत पुढे बसलेल्या बायकांना आठवलं की शेठने त्याग करताना "या गावाच्या हद्दीत" असे शब्द हळूच घातले होते. लाडकंवरलाही ते ऐकू आले होते म्हणे, आणि ती रडली ती त्यासाठीच. लोटन म्हणाला, एका शब्दात महाराजसाहेब आणि मोजणीवाले दोघांनाही गुंडाळणारा माणूस तालुक्यात दुसरा नाही, त्याचीही दाढी मी करतो. सगळे हसले. रेवजी खुर्चीत होता, तो हसला नाही, आणि गल्लीला पहिल्यांदा त्याची चेष्टा करताना चुकल्यासारखं झालं.

फुलवंताबाईच्या कानावर मात्र कुणी घातलं नव्हतं, ते रेवजीनेच सांगायचं असं गल्लीने धरलं होतं. गोदामात जाताना ती भिवयांकडे बघायची आणि तो मान खाली घालायचा. वीस दिवस त्याने असे काढले. शेठने त्याला फसवलं हे दुखत होतंच, पण ते एका जागी दुखत होतं. दुसरं दुखणं फिरत होतं. त्याच्या तोंडून निघालेली आण खोटी ठरली होती, आणि ती ज्या बाईला दिली ती रोज त्याच्यासमोर बसून "धूरमुक्त" चिकटवत होती.

भाद्रपदात जैनांची संवत्सरी आली, माफी मागायचा दिवस. या दिवसानंतर केवलचंद शेठ दरवर्षी अख्खी गल्ली फिरतात. दारोदार हात जोडून उभे राहतात, कळत नकळत वर्षभरात काही दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम् म्हणतात. गल्लीतले सगळे, जैन असोत नसोत, हात जोडून तेच परत म्हणतात, आणि घरात एक पुडा मिठाई येते. इतक्या वर्षांत कुणी यापेक्षा वेगळं काही बोललं नव्हतं. बोलायचं असतं हेच कुणाला माहीत नव्हतं.

शेठ रेवजीच्या दाराशी आले. मागे लाडकंवर, हातात पुडा. शेठनी हात जोडले. "रेवजी, कळत नकळत जे काही झालं असेल, मिच्छामि दुक्कडम्."

रेवजी उंबऱ्यात उभा होता. त्याने हात जोडले नाहीत. काडेपेटी उघडली, खडा तळहातावर घेऊन पुढे केला.

"जे काही नाही, शेठ. काय ते सांगा. मग माफ करतो."

शेठनी खड्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं या वाळूवर धंदा केलेला माणूस, त्यांना सांगावं लागलं नाही. ते म्हणाले, मी तुला कधी उपाशी ठेवलं का? रेवजी म्हणाला, नाही. तुझ्या आजारपणात मी आलो नाही का? आलात. मग? रेवजी म्हणाला, मग तेवढं एक सांगा. तुम्ही माझ्या तोंडून काय बोलवून घेतलंत, ते तुमच्या तोंडून सांगा. इथे नको, फुलवंताबाईच्या दारात चला.

चार दारं पलीकडे तिचं दार. शेठनी तिकडे पाहिलं. गल्लीतला प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या कामाने ओट्यावर आलेला होता. मग जोडलेले हात शेठनी सोडले आणि पुढच्या दाराशी जाऊन पुन्हा जोडले. लाडकंवर पुडा घेऊन तिथेच थांबली होती. तिने तो पुडा रेवजीच्या ओट्यावर ठेवला नाही, परतही नेला नाही, जाताना गल्लीतल्या गाईपुढे सोडून गेली.

त्याच पावली रेवजी फुलवंताबाईकडे गेला. जे शेठने सांगायचं ते त्याने सांगितलं, कढई, कोळसा, वाळू, मेलेला म्हातारा, सगळं. आपल्याला फसवलं असं म्हणाला नाही. मी तुझी भट्टी पाडली आणि मी खोटी आण घेतली, एवढंच म्हणाला. तिने ऐकून घेतलं. उठून फळीवरचा डबा काढला आणि त्याच्या पुढ्यात उपडा केला. हरभऱ्याला कीड लागली होती, दाण्यापेक्षा भुगा जास्त होता.

"हाई देख तुन्ही आण," ती म्हणाली. "शेठ मन्हा कोण व्हता? मी तुन्हं ऐकं, रेवजी भाऊ. शेठनं नही."

ती भुगा सुपात गोळा करत राहिली. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली की विटा आण.

निळा गणवेश त्याने धुऊन, घडी घालून गोदामात नेऊन दिला. वर पुस्तक ठेवलं. दिवाळीच्या आधी तिच्या दारात भट्टी उभी राहिली. वाळू मात्र कोरी होती. तिची जुनी दोन घमेली वाळू भट्टी पाडली त्याच दिवशी शेठच्या पोत्यांत गेली होती. नेसूतून नवी आणली, चाळली, तेलाचा हात दिला, पण मुरायला तीन वर्षं तरी लागणार. पहिला जाळ पेटवला तेव्हा फुलवंताबाईने डब्यातला किडका हरभरा विस्तवात टाकला, नारळ फोडायच्या ऐवजी. रेवजीशी ती बोलत नव्हती. काम असलं की बोट दाखवायची. तो सकाळी यायचा, जाळ सारायचा, दुपारी जायचा. फुटाणे एका गालावर काळे निघत होते. गल्लीने ते तसेच विकत घेतले, काळी बाजू खाली धरून.

दिवाळीनंतर संस्थेची दुसरी मोजणी आली. फाल्गुनी नावाची मुलगी मोबाईल घेऊन घरोघर फिरत होती. भट्टीसमोर येऊन थांबली आणि तिचा चेहरा उतरला. म्हणाली, अहो, पूर्ण गावात एवढा एकच धूर आहे. ही नोंद केली की खांडबाऱ्याची रेघ पुन्हा वर जाईल.

रेवजीने तिला हद्दीपलीकडच्या सहा तोंडांबद्दल सांगितलं. गाव, शेत, कढईवरचं ठिगळ. तिने खरंच शोधलं, दोनदा अंगठा वरखाली केला. मग म्हणाली, काका, यादीत ते गावच नाही. यादी आपल्या जिल्ह्याची आहे.

"मग?"

"मग हीच लिहावी लागेल. भट्टी कुणाच्या नावावर?"

फुलवंताबाई दारात आली होती. तिच्या हातात सूप होतं. तिने काही म्हणायच्या आत रेवजी बोलला. "माझ्या. रेवजी लिही. धूर माझा."

मुलीने लिहिलं. नियमाप्रमाणे मालकाचा फोटो लागतो म्हणाली. रेवजी भट्टीच्या तोंडाशी वाकलेला होता, तसाच मान वर करून थांबला. कपाळाखालची पट्टी पुन्हा गुळगुळीत, तांबूस झाली होती. हसा असं या वेळी त्याला कुणी म्हणालं नाही. मुलगी गेली. तो लाकूड आत सारू लागला आणि जाळ कढईच्या कडेपर्यंत आला.

मागून फुलवंताबाई म्हणाली, "जाळ कमी कर. दाणा जळी ऱ्हायना."

दोन महिन्यांत ती त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. रेवजीने एक लाकूड मागे ओढलं.